न येण्याचं बोलावणं

हॅरोथ्वेट, वेस्टमोरलंड
११ ऑक्टोबर १८८६

लान्स,

वर ‘प्रिय’ लिहायचं की नाही, या विचारात टाकावरची शाई वाळली, म्हणून नुसतं नावच लिहिलं. ‘डिअर’ या शब्दात लाडका आणि महाग हे दोन्ही अर्थ जुन्या काळापासून नांदतात, हे तुला मी सांगायला नको. खालच्या गावातला वाणी मेणबत्त्या डिअर झाल्या म्हणून कुरकुरतो, त्या अर्थानं तू मला अजून डिअर आहेस.

तुझं पत्र पोचलं. सहा वर्षांनी आलेलं पत्र, तेही चार पानी! टपालवाल्यानं पाकीट हातात दिलं तेव्हा मी हातातलं काम तसंच टाकलं. वाटलं, फुटला एकदाचा माझ्या भावाला पाझर. उघडून पाहते तर चारही पानं प्रश्नांची. तुमच्या लंडनच्या शब्दकोशाचं काम जवळिकीच्या शब्दांपाशी येऊन ठेपलंय. दक्षिणेतले लोक शब्दांचे जुने अर्थ विसरले, आपल्या खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ते अजून असतील. तर ‘निअर’ कसा वापरतात, ‘नेबर’ कसा, ‘गॉसिप’ कसा, ते मी कळवावं. आणि अगदी शेवटी, सहीच्या वर, ‘नेल बरी असेल अशी आशा.’ स्वतःच्या मुलीसाठी पाच शब्द काढलेस, लान्स. ‘निअर’साठी दीड पान.

नेल शेजारीच उभी होती. तिला तुझं अक्षर ओळखू येतं. तिच्या आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकावर तू हॅनाचं नाव घातलं होतंस ना, त्यावरून. म्हणाली, “आत्या, बाबांनी माझ्याबद्दल काय लिहिलंय?”

“पुष्कळ लिहिलंय.”

“वाच ना मग.”

मी वाचलं. म्हणजे कागद समोर धरला आणि मनातलं बोलत गेले. तुझे पुढचे दात आले का, वाचायला कुठवर आलीस, लंगडी कोंबडी अंडी घालते का. ती डोळे मिटून ऐकत होती. मग एकदम डोळे उघडून म्हणाली, “बाबांना कोंबडीचं कसं कळलं?” पोरगी तुझ्यावर गेली आहे, सहज फसायची नाही. मी कळवलं होतं, असं म्हणून वेळ मारून नेली. तर आता तूही लक्षात ठेव. आमच्याकडे एक लंगडी कोंबडी आहे.

आता तुझ्या प्रश्नांचं उत्तर. इथे ‘निअर’ म्हणजे चिक्कू. “तो भारी निअर आहे” असं कुणी म्हटलं, की तो हात आखडून वागतो असं समजायचं. आमच्या खोऱ्यात हे विशेषण जवळपास जोनाथन मौन्सीच्या मालकीचं झालंय. पलीकडच्या घरातला जोनाथन तुला आठवत असेलच. बायको गेल्यापासून तर फारच झालंय त्याचं. पीट, म्हणजे दलदलीतलं जळण, वाहायची नवी घसरगाडी केलीय त्यानं, पण गेल्या उन्हाळ्यात पाद्रीबाबांनी दोन दिवस मागितली तर म्हणाला, “गाडीला माझ्याच हाताची सवय आहे.” हे वाक्य कोशात घाल हवं तर. पैसे मागणार नाही तो, कारण त्याला कळणारच नाही.

नेलला दोन ओळी लिही. म्हणजे मी खोटी ठरणार नाही.

तामर


९ नोव्हेंबर

लान्स,

या खेपेला ‘प्रिय’ लिहायला हरकत नव्हती, पण सवय मोडली आहे.

तू नेलला पत्र पाठवलंस. पत्र म्हणजे चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा आणि त्या कशा भरायच्या याच्या सूचना. वर शब्द, खाली बोलणाऱ्याचं नाव, वय, गाव, महिना, आणि मग वाक्य. ‘वाक्य खरंच कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं असावं, मनानं रचलेलं नको.’ नऊ वर्षांच्या मुलीला बापाचं पहिलं पत्र हे असं! मी कपाळाला हात लावला. पण नेलनं तो गठ्ठा उशाशी घेतला आणि आता घराघरातून फिरते आहे. लोकही कौतुकानं सांगतात. आयझॅक टायसननं तर मेंढ्या सोडून बांधावर बसून तिला सहा शब्द दिले, त्यातले दोन पाद्रीबाबांपुढे उच्चारण्याजोगे नाहीत.

तू लिहिलेलं ‘निअर’चं कुळ मी पुन्हा पुन्हा वाचलं. मुळात जवळ या अर्थी ‘नाय’ होता आणि ‘निअर’ म्हणजे आणखी जवळ, ‘नेक्स्ट’ म्हणजे सगळ्यांत जवळ. पुढे लोक ‘निअर’मधलं ते ‘आणखी’ विसरले आणि त्याच शब्दाला नवं शेपूट लावून पुन्हा ‘निअरर’ म्हणू लागले. हे मला आवडलं, खोटं कशाला बोलू? माणसं जवळ येतात, सवय होते, मग ते जवळ येणं पुरेनासं होतं. तुझ्यात हे समजण्याची अक्कल आहे आणि तरी तू तिकडे बसला आहेस, याचा मला राग येतो.

‘नेबर’चं तूच लिहिलंस की जवळ राहून जमीन कसणारा तो नेबर. इथे ते क्रियापद आहे. “आम्ही त्यांच्याशी नेबर करतो,” असं म्हणतात, म्हणजे त्यांच्या मेंढ्या कातरायला आम्ही जातो, आमच्या कातरायला ते येतात. तुझ्या वरिष्ठांना खोऱ्यातली चाल माहीत नसेल म्हणून नीट लिहिते, तुला माहीतच आहे. प्रत्येक घराची ठरलेली घरं असतात, त्या घेऱ्याला ‘लेटिंग’ म्हणतात. आपल्यात अकरा घरं. कुणी गेलं की बोलावणारा प्रत्येक दारात जातो आणि बोलावलेल्या घरातून निदान एकानं तरी यायचं असतं. मग भांडण असो, पाऊस असो, गाय व्यालेली असो. आल्यावर मेलेल्याच्या अंगावर हात ठेवायचा, नाहीतर तो स्वप्नात येत राहतो. निघताना गव्हाची छोटी पावरोटी, ती ‘आर्व्हल’, घरी न्यायची आणि घरच्यांनी वाटून खायची. जे घर बोलावूनही आलं नाही, ते घेऱ्यातून गेलं. त्याच्या मेंढ्या त्यानंच कातरायच्या, त्याचं मढं त्यानंच वाहायचं. हॅनाला याच अकरा घरांनी चर्चपर्यंत खांदा दिला होता. पुढच्या बाजूला जोनाथन होता. तुला आठवतं की नाही कोण जाणे, तू मान वर केलीच नव्हतीस.

‘गॉसिप’साठी नेल मौन्सींच्या घरी गेली. जोनाथनची आई अ‍ॅग्नेस, ती काठी टेकून ओट्याशी बसलेली असते. बेटी, जोनाथनची मुलगी, ती नेलची जिवाभावाची मैत्रीण. आणि धाकटा विल्फ. तिघांना म्हातारीनं रम घातलेलं लोणी ओटच्या भाकरीवर दिलं आणि सांगितलं, “गॉसिप म्हणजे चहाड्या करणारी, हे आत्ता आत्ता झालं गं पोरी. माझ्या लहानपणी बाई अडली की तिच्या उशाशी बसायला ज्यांना बोलवायचे, त्या गॉसिप.” तूही तेच लिहिलंस की आधी बाप्तिस्म्याच्या वेळचे देवाघरचे नातेवाईक, मग जवळच्या मैत्रिणी, मग बाळंतिणीपाशी जमणाऱ्या बाया, मग त्या बायांच्या गप्पा. आत बायका काय बोलत होत्या ते बाहेर उभ्या पुरुषांना कळत नव्हतं, म्हणून त्यांनी तो शब्द नासवला असणार. हे माझं मत, कोशात घालू नकोस.

म्हातारी पुढेही बोलली. “तुझी आई अडली तेव्हा आम्ही चौघी गॉसिप होतो. बाळ आधी गेलं, मग ती.” नेलनं हे जसंच्या तसं चिठ्ठीवर लिहून आणलंय. ती चिठ्ठी तुला पाठवायची की नाही, ते मी ठरवलेलं नाही.

तू गेलास तेव्हा म्हणाला होतास, पोरीचे डोळे हॅनाचे आहेत, ते मला सोसवत नाहीत. ठीक आहे. पण ते डोळे घेऊन तिला तर रोज आरशात बघावं लागतं. नाताळात ये. ती रोज विचारते.

तामर


४ डिसेंबर

लान्स,

बेटी मौन्सी गेली.

आधी घसा दुखतो म्हणत होती. मग बोलणं घोगरं झालं, मान सुजली. केंडलहून डॉक्टर रेल्फ आले तोवर घशात पांढरा पापुद्रा धरला होता. घटसर्प म्हणाले. मी नेलला त्या घरी जाऊ देणं आधीच बंद केलं होतं, नशीब म्हणायचं. डॉक्टर जाताना आमच्या फाटकाशी थांबले. मी शाळा चालवते, वर्तमानपत्र वाचते, म्हणून मला समजेल असं त्यांना वाटलं असावं.

“मिस गास्कार्थ, मुलीला लवकर पुरायला सांगा. माणसं जमवू नका. हा रोग श्वासानं, हातानं, कशानंही जातो. त्या घराचा उंबरा कुणी ओलांडायचा नाही.”

“तुम्ही जोनाथनला सांगितलंत?”

“सांगितलं. तो म्हणाला, मुलीला कुत्र्यासारखी पुरू का.”

मी सगळ्या घरी जाऊन सांगितलं. कुणी हसलं, कुणी पुन्हा कामाला लागलं. घेऱ्यातल्या बर्केटची बायको म्हणाली, “डॉक्टरला काय, तो केंडलात राहतो.” मंगळवारी आयझॅक टायसन आमच्या दारात आला. डोक्यावरची टोपी हातात, काळी फीत दंडाला.

“मास्तरीणबाई, जोनाथन मौन्सीकडचं बोलावणं आहे. उद्या दहाला. घरटी एक नाहीतर दोघं.”

“आयझॅककाका, मी येणार नाही.”

“बरं वाटत नाही का?”

“बरं आहे. बरं राहावं म्हणूनच येणार नाही. तुम्हीही जाऊ नका. तुमच्या घरात नातू आहे.”

त्यानं हातातली टोपी फिरवली. “बाई, माझा बापही बोलावणी करायचा आणि मीही केली. पण कुणाचं ‘नाही’ घेऊन परत जायचं म्हणजे काय करायचं, ते मला ठाऊक नाही.”

“मी सांगितलं तेवढं सांगा.”

“जोनाथनला नाही सांगवायचं मला,” म्हणाला आणि गेला.

बुधवारी मी दार लावून घेतलं. नेल रडून रडून थकली. “मी तिला हात लावला नाही तर ती स्वप्नात येईल, आत्या.” मी म्हटलं, येऊ दे, मैत्रीणच आहे तुझी. मग ती माळ्यावर जाऊन बसली. तू मागे लिहिलं होतंस ना, ‘क्लोज’ म्हणजे मुळात बंद केलेलं, मग फटी बुजल्या म्हणून लगतचं, मग जवळचं. खिडकीतून मला जोनाथनच्या अंगणात दहा घरची माणसं दिसत होती, आणि मी बंद दाराच्या आत होते. मी बरोबर केलं. तूही तेच म्हणशील. पण मला फार वाईट वाटत होतं.

आता कुणी बोलत नाही. फाटकाबाहेरच्या दगडावर बर्केटकडचं दूध असायचं, ते नसतं. शाळेत कुणी आलं नाही. त्याचं मला काही नाही. मला भीती आहे ती वेगळी. काल विल्फ मौन्सीचाही घसा धरला. ज्या घरांनी बुधवारी बेटीला हात लावला, त्या प्रत्येक घरात मुलं आहेत.

लान्स, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, ओरडले तेवढी. आता मागते. ये आणि नेलला तुझ्यासोबत घेऊन जा. लंडनात कुठेही ठेव, तुझ्या कागदांच्या ढिगावर ठेव. ती त्रास देत नाही. ओट खाते, वाचत बसते. पत्र मिळाल्याबरोबर निघ.

तामर


९ डिसेंबर

लान्स,

तुझं उत्तर आलं. तुझ्या घरमालकीणबाईंना मुलं चालत नाहीत. छपाईची तारीख जवळ आली आहे. डॉक्टर लोक वाढवून सांगतात. नाताळानंतर नक्की जमवशील. आणि मला बरं वाटावं म्हणून ‘विथ’ची गोष्ट लिहिलीस. सोबत या अर्थाचा जुना शब्द ‘मिड’ होता, ‘विथ’ तेव्हा ‘विरुद्ध’ या अर्थी वापरत. एकमेकांविरुद्ध लढणारेही एकाच जागी असतात, म्हणून हळूहळू ‘विथ’ सोबतीचा झाला आणि ‘मिड’ मेला. फार मनोरंजक आहे.

मी विचारलं होतं, नेलला तुझ्यासोबत नेशील का. तू मला सोबत या शब्दाचा इतिहास पाठवलास.

विल्फ मौन्सी रविवारी गेला. बर्केटकडे दोन मुलं अंथरुणावर आहेत. आयझॅकचा नातूही. खोऱ्यात आता कुणी डॉक्टरला हसत नाही, पण माझ्याशीही कुणी बोलत नाही. माझं म्हणणं खरं ठरलं, म्हणून जास्तच. बर्केटची बायको काल वाटेत भेटली. मी बाजूला झाले. ती थांबून म्हणाली, “तू जादूटोणा नाही केलास हे मला कळतं. पण तू आली असतीस तर निदान आमच्यासारखीच असतीस.” 

नेलला जराशी सर्दी आहे. आवाज बसलाय. थंडीच तशी आहे. मी तिला चुलीजवळ निजवलंय. तू काळजी करू नकोस, असं लिहायची पद्धत असते, पण तू करत नाहीसच.

आज निघालास तर उद्या संध्याकाळी केंडलला पोचशील.

तामर


२० डिसेंबर

लान्स,

तार मुद्दाम केली नाही. तारेत थोडक्यात लिहावं लागतं, आणि तुला थोडक्यात कळू द्यायची माझी इच्छा नव्हती.

नेल बुधवारी सकाळी गेली.

मागच्या पत्रात सर्दी लिहिली तेव्हाच मला कळलं होतं. मी तिच्या तोंडाशी दिवा धरून घशातला पापुद्रा पाहिला होता. लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं, असं काहीतरी वेड्यासारखं वाटत होतं.

बेटीच्या मौतीच्या दिवशी नेल माळ्यावर नव्हती. दूध-लोण्याच्या खोलीच्या खिडकीतून उतरून कुंपणामागून गेली होती. तापात तिनं मला सांगितलं. बेटीच्या गालावर हात ठेवला, मग पापीही घेतली, म्हणजे स्वप्नात आली तरी रागावलेली यायची नाही. आणि घराघरातल्या म्हाताऱ्या एकाच खोलीत जमतात, शब्द वेचायला असा दिवस पुन्हा मिळायचा नाही, हेही तिच्या डोक्यात होतं. ओट्याशी उभी राहून चिठ्ठ्या भरत होती. कुणी तिला हटकलं नाही. सगळ्यांना वाटलं, मीच पाठवली. माझ्या घरातून एक जण आलं होतं, लान्स. आमचं घर घेऱ्यातून गेलंच नव्हतं, आणि ते मला माहीतही नव्हतं.

दोष तुझा म्हणू? चालीचा म्हणू? खिडकीला कडी नव्हती, तो माझा म्हणू? सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या, आता अंगात तेवढी ताकद उरलेली नाही.

ती गेल्यावर दुपारी आयझॅक फाटकाशी आला. आत आला नाही. त्याचा नातू आदल्या शनिवारी गेला. डोळे आत गेले होते. टोपी हातात आणि दंडाला तीच काळी फीत.

“मास्तरीणबाई,” म्हणाला, “बोलावणं करू ना?”

मी दारातच होते. वाटलं होतं, कुणी विचारायला सुद्धा येणार नाही. मी म्हटलं, “येतील का, आयझॅककाका?”

“येतील. सगळे येतील. मी विचारून आलो.”

“बर्केट?”

“बर्केटनी तर आधी विचारलं, पोरीचं कधी आहे म्हणून. ती आमच्याच दारात वाढली की हो. तिच्या चिठ्ठीवर माझं नाव आहे.”

बर्केटकडची दोन्ही मुलं वाचली आहेत, पण अशक्त आहेत. टायसनच्या घरी अजून दोन नाती आहेत. खालच्या दोन घरांत रोग शिरलेलाच नाही. मला हे सगळं ठाऊक होतं आणि मला ती माणसं हवी होती. तुला सांगून कळायचं नाही, किती हवी होती. निदान एकदा अंगण भरलेलं बघावं, पोरीसाठी कुणीतरी चर्चपर्यंत चालावं. मी दाराची चौकट धरून उभी राहिले आणि म्हटलं, “नको. बोलावणं करू नका. एकालाही येऊ देऊ नका.”

“तुम्ही एकट्या कशा नेणार?”

“नेईन.”

त्यानं मान हलवली. मग टोपी घातली. “बरं. मग तसं सांगून येतो घरोघरी. न येण्याचं बोलावणं. आयुष्यात केलं नव्हतं तेही केलं म्हणायचं.” आणि खरंच गेला, प्रत्येक दारी, रीतीप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी पेटी बाहेर काढायची वेळ झाली. सुतारानं ती फाटकाशी ठेवली होती, मीच ती ओढून आत नेली आणि नेलला तिच्यात ठेवलं. पेटी लहान असली तरी एकटीला उचलेना. इतक्यात बर्फावर काहीतरी घासत आल्याचा आवाज आला. जोनाथन मौन्सी. मागे त्याची घसरगाडी, तिच्यावर स्वच्छ गवत अंथरलेलं. तो थेट फाटक उघडून अंगणात आला.

मी ओरडले, “जोनाथन, मागे हो! आयझॅकनं सांगितलं नाही का तुला?”

“सांगितलं.”

“मग?”

“मग काय? मी रोग घरी नेला, तर आता कुणाला देऊ? म्हातारीला लहानपणीच होऊन गेलाय तो रोग. तिनंच पाठवलं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “माझ्या बेटीला तुमची पोरगी भेटून गेली. मला दिसली होती ती. मी हाकलायला हवी होती. नाही हाकलली. बेटीला बरं वाटेल असं वाटलं.”

आम्ही दोघांनी पेटी गाडीवर ठेवली. तुझं पार्सल त्याच सकाळी आलं होतं. निळी रिबीन आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा आणखी एक गठ्ठा. रिबीन मी तिच्या केसांना आधीच बांधली होती. तिचे केस तांबूस आहेत, हे तू विसरला असशील, पण निळा रंग शोभला. जोनाथननं झाकण लावण्याआधी तिच्या कपाळावर हात ठेवला. अकरा घरांतला तेवढाच एक हात.

वाटेनं गेलो तेव्हा प्रत्येक घरासमोर, बांधाच्या आतल्या बाजूला, माणसं उभी होती. टोप्या हातात. कुणी पुढे आलं नाही. बर्केटच्या बायकोनं बांधावर एका फडक्यात आर्व्हल ठेवली होती आणि ती स्वतः दूर जाऊन उभी होती. रडून पार दीन झालेली. इतकं जवळचं मला कुणी कधी वाटलं नव्हतं, आणि त्यांच्या-माझ्यात रुंद रस्ता होता.

डॉक्टर रेल्फ म्हणाले, तिनं हात लावलेलं सगळं जाळा. गादी, फ्रॉक, हॅनाचं प्रार्थनेचं पुस्तक, आणि चिठ्ठ्या. मी सगळ्या चुलीत घातल्या. आयझॅकचे सहा शब्द, म्हातारीनं हॅनाबद्दल सांगितलेलं, बेटीच्या मौतीला गोळा केलेलं सगळं. म्हणून तुझ्या कोशासाठी तिच्या हातचं काही उरलेलं नाही. येणार असशील तर वसंतात ये, घराला चुना दिल्यावर. आलास तर दार उघडीन. त्याहून जास्त आत्ता माझ्याच्यानं लिहवत नाही.

मात्र तुझ्या कोऱ्या गठ्ठ्यातली एक चिठ्ठी मी स्वतः भरली आहे. ती सोबत ठेवते. डॉक्टरांनी मलाही तिच्यापासून लांब राहायला बजावलं होतं, आणि तिनं ते ऐकलं होतं. मी गेले आणि तिला मांडीवर घेतलं, पण ते चिठ्ठीत लिहायचं नसतं. वाक्य खरंच कुणीतरी बोललेलं असावं, मनानं रचलेलं नको, असं तूच लिहिलं होतंस. हे खरंच बोललेलं आहे.

तामर


शब्द: निअर
बोलणारी: एलिनॉर गास्कार्थ, वय नऊ, हॅरोथ्वेट
महिना: डिसेंबर १८८६
वाक्य: “जवळ नको येऊस, आत्या. तुला होईल.”